कागदाची मागची बाजू

७ जुलै

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तर आज देते आहे, तेव्हा आधी कान पकडते. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघी तब्येत आणि जेवण झालं का यापलीकडे जात नाही.

बातमी अशी की मला पुस्तक मिळालं! गवतांचं. ऐंशी प्रकारची गवतं, प्रत्येकाचं पानभर चित्र आणि मुखपृष्ठावर माझं नाव. संपादकबाईंनी माझी शाईची चित्रं बघून दोन दिवसांत होकार कळवला. अट एकच, चित्रं कागदावर नकोत, कॉम्प्युटरवर हवीत. ऑगस्टअखेर दोन नमुने द्यायचे. ते पसंत पडले नाहीत तर काम दुसऱ्या कोणाकडे जाणार.

म्हणून मला तो स्क्रीन पार मागे वळून पाटी होणारा, पेनने चित्र काढता येणारा लॅपटॉप घ्यायचाय. दोन हेरून ठेवलेत, एक राखाडी, एक काळा; नावं मागे लिहिली आहेत. इथल्या दुकानांत दोन्ही नाहीत. न बघता मागवावा लागेल, आणि खोका एकदा उघडला की परत घेत नाहीत. तू ऑफिसातली यंत्रं निवडतेस, मोठं दुकान तुझ्या कोपऱ्यावर आहे. बघून सांगशील? मला यातलं ओ की ठो कळत नाही. गवताचं पातं म्हणजे एकच फटकारा, मुळाशी दाबायचं, टोकाशी सोडायचं, हे तूच मला स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने शिकवलंस. तेवढं त्या पेनला जमलं की झालं.

तुझ्या नकाशांतल्या जिन्यांचे काय हाल? भावजींना नमस्कार.

लोभ आहेच, त्यात थोडा सल्ला घालून पाठव.
तुझी भिंगरी


१६ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

अभिनंदन. मुखपृष्ठावर नाव म्हणजे काय थोडकी गोष्ट झाली! ह्यांनी तर तुझं पत्र शेजारी जाऊन वाचून दाखवलं. दोनदा. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

जिने उत्तम आहेत. या आठवड्यात एका इमारतीच्या सहा मजल्यांच्या संडासांचे नकाशे काढले. सहाही एकसारखे. एकोणीस वर्षं सरळ रेघा ओढते आहे, त्यावर माझं नाव नसतं, कोपऱ्यात साहेबांची सही असते. असो. लहानपणी तू गवत काढायचीस ते केरसुणीसारखं दिसायचं. तिथून इथवर आलीस, कौतुक आहे.

आता लॅपटॉप. आज जेवणाच्या सुट्टीत जाऊन दोन्ही हाताळले. काळा जड, दिसायला ओबडधोबड, बिजागरी घट्ट, आणि त्याचं पेन वेगळं सांभाळावं लागतं. तू छत्र्या हरवणारी बाई. राखाडी हलका, स्क्रीन झकास, रंग लखलखीत, पेन लॅपटॉपच्या अंगातच खोचून ठेवायची सोय. तळहात टेकला तरी नको त्या रेघा उठत नाहीत. राखाडी डोळे झाकून घे.

तब्येतीला जप. नाव झालं तरी ताईवरचा लोभ कमी करू नकोस.
तुझी ताई


२४ जुलै

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

राखाडी मागवायची सगळी तयारी झाली, शेवटचं बटण दाबायचं तेवढं राहिलंय. तुझं उत्तर येईपर्यंत दाबत नाही. का, ते ऐकून हसशील.

तुझ्या पत्राची घडी घालताना मागच्या बाजूवर बोट फिरलं. एरवी तुझं अक्षर इतकं हलकं की मागे काही लिहिलंय याचा पत्ता लागत नाही. या वेळी कागद नुसता खडबडीत. संडासांच्या ओळीमागे उंचवटे, माझ्या केरसुणीमागे त्याहून मोठे, आणि 'डोळे झाकून घे' तिथे तर कागद फाटायचाच बाकी. एवढं दाबून तू लिहिलेलं मी एकदाच पाहिलंय. माझी रंगपेटी खिडकीतून पडली त्या दिवशी तू आईसाठी चिठ्ठी ठेवली होतीस, की मांजराने पाडली. ताई, आपल्याकडे मांजर नव्हतं.

तिकडे सगळं ठीक आहे ना? साहेब काही बोलले का? एक न सांगितलेलं सांगते. तुझ्यासारखी पट्टीशिवाय सरळ रेघ मला आजही येत नाही, आणि त्यापायी मी वर्षानुवर्षं तुझा राग राग केलाय.

राखाडीच घेऊ ना? एवढंच कळव.

लोभ होता तिथेच आहे.
तुझी भिंगरी


३० जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मांजर नव्हतं. पेटी मी पाडली. तेव्हा अकरा वर्षांची होते, आता पंचेचाळीसची आहे आणि अक्कल तेवढीच.

राखाडी घेऊ नकोस. त्याचं पेन दाब ओळखत नाही. कितीही दाब, कितीही सोड, रेघ सुतळीसारखी एकाच जाडीची. तुझे नमुने नापास झाले असते, आणि हे मला दुकानात पहिल्याच रेघेला कळलं होतं.

मग काळ्यावर एक पातं काढलं. मुळाशी दाबलं, टोकाशी सोडलं. काय उतरलं म्हणून सांगू! मग दुसरं, तिसरं, अख्खा झुबका. दुकानातल्या मुलीने बाकीच्यांना बोलावून दाखवलं, आणि तुम्ही चित्रकार का, असं मला विचारलं. मी म्हटलं, मी नाही, माझी बहीण. तिने मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी एक बटण दाबून स्क्रीन कोरी केली. माझं गवत गेलं. तशीच ऑफिसात आले आणि न जेवता तुला पत्र लिहिलं.

काळा घे. जड आहे, पण तो टेबलावर ठेवायचाय, खांद्यावर नाही. पेनची टोकं झिजतात, दोन जादा मागव. आणि पेनला दोरा बांध, मी तुला ओळखते.

मी तुझ्यावर जळते. ते पुस्तक माझं असायला हवं होतं असं रोज वाटतं, छापून हातात आलं की पुन्हा वाटेल. ते जाईल असं वचन देत नाही.

लोभ उरला असेल तर कळव.
ताई

ता. क. हे पत्र उलटं करून बोट फिरव. सगळीकडे फिरव, उंचवटा लागणार नाही, मी जळते म्हटलंय त्या ओळीवरसुद्धा.