कडू घास

विटे, चैत्र वद्य पंचमी, शके १८६६

तीर्थरूप नाथाजीदादांस,

तुमच्या धाकट्या चंद्राचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वहिनींना माझी आठवण सांगा. गुऱ्हाळ उरकलं असेल. यंदा गुळाची ढेप आली नाही म्हणून अंजी रुसली आहे, तेवढं मनावर घ्या.

अक्षर पाहून दचकू नका. या वेळी मास्तरांच्या पाया पडले नाही, माझं मीच लिहिते आहे. बंगल्यातल्या मडमबाईंनी शिकवलं. वेलांट्या चुकल्या असतील तर मला हसा, त्यांना नको.

अंजीचं लग्न वैशाखात धरलं आहे. मुलगा शिराळ्याकडचा, मानसिंग नाव, पलटणीत आहे. रजा काढून येतोय. पोरगी काळजावर दगड ठेवून द्यावी लागते म्हणतात, पण ही मेली आत्ताच त्याच्या नावाने लाजते. बाप नाही, पण मामा आहे, म्हणून मी निर्धास्त होते. पाठीशी लिंबू खोवलेली कट्यार घेऊन मामा उभा राहिल्याशिवाय आपल्यात अक्षता पडत नाहीत. तात्याबा पाटलांच्या हाती तुम्हाला निरोप धाडला. तुमचं उत्तर आलं, "बघू."

तुमच्याकडे पलूसला काय पोचलं आहे ते मला कळतं, दादा. त्याच्यावर येतेच. आधी बंगल्याचं सांगते.

अंजीचे वडील गेले आणि मी हार्डिंगसाहेबांच्या बंगल्यात चुलीपाशी लागले, तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "काम कर, पर तितलं पानीबी पिऊ नगंस." मी पाळलं. माझी भाकरी घरची, माझा तांब्या घरचा. दुपारी अंगणातल्या लिंबाखाली बसून खायची. मडमबाई कधी वाईट वाटून घेत नाहीत. उलट ऊन फिरलं की त्याच माझा पाट सावलीत सरकवतात.

दोघंही आता थकलीत. साहेब उजाडायच्या आत उठून आडावर जातात आणि पोहरा स्वतः ओढतात. मी ओरडते, "आवं सायब, पडशीला." ते म्हणतात, "पडलो तर तू काढ." मग ओसरीवर दवाखाना. खरूज, डोळे, गळवं, पोरांची पोटं. धनगरवाड्याची माणसं मेंढरू खांद्यावर टाकून आणतात, साहेब त्यालाही औषध लावतात. मडमबाई तान्ह्या पोरांना न्हाऊ घालतात आणि आयांना दटावतात. संध्याकाळी त्या पेटी वाजवतात आणि दोघं मिळून देवाची गाणी म्हणतात. साहेबांचा सूर असा लागतो की आमचं कुत्रं उठून जातं. इतक्या वर्षांत गावातलं एक माणूस त्यांच्या देवाकडे गेलं नाही. परवाच्या चळवळीत पोरं फाटकाशी येऊन "गोऱ्यांनो, चालते व्हा" ओरडली, तर मडमबाई त्यातल्या एकाला म्हणाल्या, "तुझ्या कानाला अजून पू येतो का? उद्या ये." दुसऱ्या दिवशी तो आला.

यांचा एकुलता पोरगा पीटर. उतारवयात झालेला. माझ्यादेखत वाढला, गावातल्या पोरांबरोबर चिंचा पाडल्या, बैलाच्या शेपटीला लोंबकळला. पुढं शिकायला त्यांच्या मुलखात गेला आणि लढाईत भरती झाला. ओसरीवर त्याची खुर्ची तशीच असते. तिच्यावर कुणी बसत नाही, साहेब टोपीसुद्धा ठेवत नाहीत.

आता होळीचं सांगते.

दर होळीला मी त्यांच्याकडे पुरणपोळी करते. यंदा सकाळी मी पाट्यावर पुरण वाटत होते. पोस्टमन कृष्णात येऊन गेला. साहेबांनी कागद वाचला, मडमबाईंना दिला, दोघं आत गेली. थोड्या वेळाने साहेब बाहेर आले आणि रोजच्यासारखा दवाखाना उघडला. मडमबाईंनी एका पोराची खरूज धुतली. जरा गप्प होत्या, म्हटलं उन्हाने असेल. दुपारी मी दोघांना गरम पोळ्या वाढल्या, वर तुपाची धार. साहेब म्हणाले, "चंद्राबाई, छान झाली आहे." मडमबाईंनी आणखी अर्धी मागून घेतली. मी आपली खुशीत घरी आले.

दुसऱ्या दिवशी चावडीपुढून जाताना तात्याबांनी हटकलं. "चंद्रे, मयताच्या घरात चूल पेटवलीस व्हय गं?"

मला काही कळेना. "कुनाचं मयत?"

"साहेबाचा पोरगा पडला लढाईत. काल तार आली. कृष्णात सांगत हुता. आनि तू त्यास्नी पुरनपोळी घातलीस?"

दादा, मी तशीच पळत बंगल्यावर गेले. मडमबाई नेहमीच्या जागी बसून पट्ट्या गुंडाळत होत्या. मी त्यांच्यापुढे बसले आणि रडत म्हटलं, "बाई, मला सांगायचं तरी. म्या पापिनीनं गोड घातलं तुमाला."

त्या म्हणाल्या, "तुझा सण होता, चंद्रा. तू पुरण वाटताना गात होतीस. आमचं दुःख आजही आहे, उद्याही असेल. तुझी होळी वर्षातून एकदा."

मंदिराच्या गाभाऱ्यात शिरताना छातीत कसं होतं, तसं झालं. पोटचा पोरगा गेला, आणि ही बाई माझं मन मोडू नये म्हणून आणखी अर्धी पोळी मागून घेते! ती त्यांच्या घशाखाली कशी उतरली असेल? अजून मला ते उमगत नाही, आणि उमगत नाही म्हणून त्यांच्यापुढे उभं राहिलं की माझी मान आपोआप खाली जाते.

त्या दिवशी बंगल्याची चूल मी पेटू दिली नाही. पण मग कडू घास कोण नेणार? दुखवट्याच्या घरी भाकरी-पिठलं भावकीने न्यावं, कडुलिंबाचा पाला दाताखाली धरावा आणि नेणाऱ्याने बरोबर बसून पहिला घास घ्यावा. नेणाराच जेवला नाही तर घरची माणसंही जेवत नाहीत. यांची भावकी सातासमुद्रापार. चावडीवर बोलणं झालं. तात्याबा म्हणाले, "त्यास्नी हितं कोन हाय? आपुन नुसतं भेटून येऊ."

मी घरी आले, भाकरी थापली, पिठलं केलं, लिंबाचा डहाळा तोडला आणि टोपली डोक्यावर घेऊन निघाले.

साहेबांना ही रीत ठाऊक होती. गावातल्या किती मयतांना ते येऊन बसले आहेत. टोपली पाहताच ते उठून उभे राहिले. आम्ही तिघं ओसरीवर जमिनीवरच बसलो. साहेब जेवणाआधी रोज प्रार्थना म्हणतात. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले, पण आवाज फुटेना. मडमबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. दोघंही माझ्याकडे बघत होती, मी घास घेते की नाही म्हणून. मागणार नव्हतीच ती, कधी मागितलं नाही.

मी त्यांच्या ताटातला घास घेतला, दादा. लिंबाचा पाला चावला, त्यांच्या तांब्यातलं पाणी प्याले. मग साहेबांनी घास घेतला आणि मोठ्याने रडले, गडी माणूस आई गेल्यावर रडतो तसे.

मान वर केली तर अंगणात माणसं उभी. तात्याबा भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन आलेले, शेजारची राहीबाई पिठल्याचं मडकं घेऊन, धनगरवाड्याची माणसं मागं. कानाला पू येणारा तो पोरगाही होता. अख्ख्या गावाने टोपल्या ओसरीच्या कडेला ठेवल्या. एवढी माणसं एका जागी एवढी शांत मी कधी पाहिली नाहीत. जेवलं मात्र कुणी नाही. जेवले ती मी एकटी.

तेच तुमच्या कानावर आलं ना? "चंद्रा बाटली." दादा, देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक अजून तिथेच आहे, रोज हळद वाहते. पण मी जेवले हे खरं. ते मी नाकारणार नाही आणि त्याचं प्रायश्चित्तही घेणार नाही.

तुमचं "बघू" कसं कोण जाणे साहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी तात्याबांना विचारलं, "लग्नात मामाने काय करायचं असतं?" तात्याबा म्हणाले, "पाठीशी हुबं ऱ्हायचं सायेब, दुसरं काय न्हाई." साहेब म्हणाले, "ते मला येतं." तेव्हापासून रोज पेटी वाजवून झाली की काठी न घेता ताठ उभं राहून बघतात. गुडघे थरथरतात. मडमबाई जवळच उभ्या राहतात, पण हात लावत नाहीत.

मी त्यांना म्हटलं, "सायब, तुमचे लय उपकार. पर माज्या अंजीला सख्खा मामा हाय, आनि तो येनार हाय."

एवढंच मागायला ही सगळी पानं लिहिली, दादा. त्या माणसांपुढे मला खोटं पाडू नका. पंगतीत साहेब-मडम बसतील, ते मी तुमच्यापासून लपवत नाही. त्यांच्या शेजारचा पाट तुमचा. कट्यार घासून ठेवली आहे. ती कुणाच्या हातात द्यायची ते तुम्ही सांगा.

माहेराच्या वाटेकडे डोळे लावलेली,
त्यांच्या ताटात जेवलेली,
तुमचीच चंद्रा