नरक्याचा अर्क

सर,

लाकडाच्या ढलप्या काढणारं यंत्र मी केलं, जुन्या कडबाकुट्टीचं पातं उलटं बसवून. वाळवणीचे ट्रे, तांब्याच्या नळीचं वेटोळं, अर्क काढायचं स्टीलचं पिंप, त्याचं प्रत्येक वेल्डिंग, सगळं माझ्या हातचं. शाळा आठवीत सुटली. बाकीचं मी पुस्तकं चाळून आणि बोटं भाजून शिकलो. भाईंदरच्या त्या गाळ्यात तुमचं काय होतं? डिग्री आणि अर्काच्या बाटल्यांच्या कपाटाची किल्ली.

घाटातून नरक्याच्या लाकडाची पोती यायची. झाडाचा वास नावासारखाच, कपड्यांतून जात नसे. ढलप्या स्पिरिटमध्ये उकळल्या की काळपट चिकट अर्क निघायचा, आणि त्यातून कॅन्सरच्या औषधाला लागणारी पिवळी भुकटी तुम्ही वेगळी करायचात, परदेशी पाठवायला. पहिल्यांदा ती जांभळ्या दिव्याखाली निळी चमकली तेव्हा तुम्ही म्हणालात, "बघ, आपण काढली." आपण! मी तो शब्द खरा धरला.

म्हणून आईच्या पोटात गाठ निघाली तेव्हा तिला मुर्ध्याहून रिक्षाने थेट गाळ्यावर आणलं. ती दारात उभी आहे, पदर नाकाला लावून. मी म्हणतोय, "सर, एक बाटली द्या." तुम्ही मानही वर करत नाही. "हे औषध नाही रे, कच्चा अर्क आहे. उंदरांना दिला, रक्ताची हगवण लागून मेले. परळच्या कॅन्सर हॉस्पिटलात ने हिला."

आई म्हणते, "कडू हाय तं हाय, पिईन मी."

"मावशी, नाही म्हटलं ना एकदा!"

किल्ली खिशात. तिला कोणी बसासुद्धा म्हटलं नाही. परळला नेलं तोवर उशीर झाला होता. ती गेली, तुम्ही दहाव्याला फिरकला नाहीत. कामावर आलो तर पहिला प्रश्न, "पिंप का थंड?"

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी ड्रिल मशीनही बंद केलं नाही. पुढे तुमच्या भावाने गाळा विकला आणि यंत्रं, कपाट, उरलेल्या बाटल्या माझ्या गळ्यात मारल्या.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, असता तरी टाकलं नसतं, म्हणूनच सांगतो. त्याच वर्षी उत्तनचा एक कोळी माझ्याकडे आला. बायकोला तोच आजार, होडीचं इंजिन विकून आलेला. एका बाटलीचे पंचवीस हजार देत होता. मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घालत मी त्याला नाही म्हणालो.