शांत झालेल्या पेशी

३ जून

चि. चिमणीस ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्राला उशीर झाला. ज्या पिठाने वीस वर्षं पोसलं तेच आता वैरी झालंय. पावाचं पीठ मळलं की हात कोपरापर्यंत सुजतात आणि छाती शिट्ट्या मारते. तुझे भावोजी म्हणतात, आता घरात वेगळी किटली नको. तू तुमच्या प्रयोगशाळेसाठी माझं दोन नळ्या रक्त घेऊन गेलीस ती गेलीसच. डास बरे, निदान कानाशी गुणगुणतात तरी. त्याचं काय झालं ते कळव. बेकरी बंद करून बसणं माझ्याने होणार नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

१९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून आम्ही काचेच्या बशीत त्यांना पिठाचा अर्क दाखवला. घरच्याच माणसाला चोर समजून तुटून पडावं तशा त्या उसळल्या आणि सूज आणणारी रसायनं सोडू लागल्या. दुसऱ्या बशीत आधी प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घातलं, मूत्रपिंड बदललेल्यांना देतात ते. तिथे अर्क पडूनही पेशी गप्प. मेल्या नव्हत्या, नुसत्या शांत होत्या. मी यंत्र दोनदा तपासलं.

सर म्हणाले, बशी म्हणजे माणूस नव्हे, हुरळू नकोस. तरी तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचारून बघ. मात्र इथे सुक्याबरोबर ओलंही जळतं. पिठाशी भांडणाऱ्या पेशी निजतात, तशा जंतूंशी लढणाऱ्याही. जरा कणकण वाटली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठ.

भावोजींना नमस्कार. रागावलीस तरी लोभ ठेव.
तुझी चिमणी

११ ऑगस्ट

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

डॉक्टरीणबाईंनी ढीगभर तपासण्या केल्या आणि आढेवेढे घेत औषध सुरू केलं. हा पाचवा आठवडा. हात उतरले, अंगठी परत बोटात गेली. जिना एका दमात चढते. काल तुझ्या भावोजींना भट्टीपासून हाकललं आणि सगळे पाव मीच केले. दोन दिवस खोकला आहे, पण तो पिठाचा नव्हे, साधाच. लगेच पायात चपला घालून निघू नकोस.

अशीच आठवण काढत जा.
तुझी ताई

६ सप्टेंबर

चि. चिमणीस आशीर्वाद.

परवा तुझ्या ताईचं तेरावं उरकून तू निघताना दारात थांबलीस आणि मी पाठ फिरवली. ते मनातून जात नाही, म्हणून लिहितो.

ताप तिने आठ दिवस लपवला. तुझं जूनचं पत्र तिने मला मोठ्याने वाचून दाखवलं होतं, पण तापाचं वाक्य गाळून. काल मी ते स्वतः वाचलं. दवाखान्यात, दोन्ही फुप्फुसं भरल्यावर, ती म्हणाली की सांगितलं असतं तर औषध थांबवलं असतं, आणि इतक्या दिवसांनी मिळालेला मोकळा श्वास तिला परत द्यायचा नव्हता. मी तिच्या शेजारीच झोपत होतो. अंग गरम लागायचं. भट्टीची धग असेल म्हणून मी कूस बदलायचो.

दोष तुझा नाही हे मला कळतं. पण आज तू समोर आलीस तर ते माझ्या तोंडून निघेल की नाही, सांगता येत नाही. म्हणून महिनाभर येऊ नकोस. त्यानंतर मात्र नक्की ये. मी बोललो नाही तरी बसून राहा.

भावोजी