दहापैकी दहा

५ ऑगस्ट, मंगळवार
अक्षराचा इंटरव्ह्यू ठरला. येत्या सोमवारी सकाळी अकरा, पुण्याची कंपनी, लॅपटॉपवर व्हिडिओ. सव्वा वर्ष पोरगी घरी बसून अर्ज भरतेय, त्यातला हा एक लागला. इंटरनेटची जबाबदारी मी घेतली. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या घरात हा प्रश्नच यायला नको. बिलिंग सेक्शन असला म्हणून काय झालं, खातं एकच.

माझ्या फोनचा हॉटस्पॉट चालू करायचा, लॅपटॉप जोडायचा. पाच मिनिटांचं काम. मेहुणा गुरुलिंग केबल आणि वायफायचा धंदा करतो, तीन घरं सोडून राहतो. संध्याकाळी येऊन म्हणाला, दाजी, नुस्तं हाव म्हना, अर्ध्या तासात वायर वढून देतो. नको म्हणालो. मागच्या वर्षी उदगीरच्या लग्नात भर पंगतीत त्याने मला बिलवाले दाजी म्हटलं होतं. मी विसरलेलो नाही.

६ ऑगस्ट
हॉटस्पॉट सुरू. नाव ठेवलं 'रेवणप्पा फाइव्ह जी'. पासवर्ड असा की कुणाच्या बापाला सापडणार नाही: ओम नमः शिवाय, इंग्रजीत, सगळं जोडून. रोजच्या जपातलाच, म्हणजे विसरायची भीती नाही. स्पेलिंग समोरच्या उमादेवीच्या दाराच्या चौकटीवरून बघून घेतलं. सिद्धम्मालासुद्धा सांगितला नाही. बायको असली तरी सिक्युरिटी म्हणजे सिक्युरिटी.

स्क्रीनवर '३ कनेक्टेड' असं आलं. थोडा विचार केल्यावर उलगडा झाला. हे ताकदीचे मार्क आहेत, दहापैकी. पहिल्या दिवशी तीन म्हणजे वाईट नाही.

७ ऑगस्ट
मार्क पाच. सुधारणा.
अक्षरा म्हणते, अप्पा, लई स्लो चालायलंय. स्पीड टेस्ट केली, ०.६ आले. म्हणजे साठ टक्के. फर्स्ट क्लास. आजकालच्या पोरांना नव्वदच्या खाली काही दिसतच नाही.

संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. येणारा-जाणारा प्रत्येकजण थांबून, हात जोडून शरणार्थ अप्पा म्हणत होता. उमादेवीने शेंगाच्या चार पोळ्या पाठवल्या. घरात काय प्रयोग चाललाय ते गल्लीत कळलं असणार. ज्ञानाची कदर असते लोकांना. ऑफिसात एकतीस वर्षांत कुणी मला चहाला थांबवलं नव्हतं. बरं वाटलं.

८ ऑगस्ट
फोन तव्यासारखा तापतो. दोष सापडला: उष्णता. फोनखाली ओलं फडकं ठेवलं. मग आठवलं की तांब्यातून वीज चांगली वाहते. फोन देवघरातल्या ताम्हणात ठेवला. मार्क लगेच सात झाले.
सिद्धम्मा पूजेला बसली तर ताम्हण नाही. म्हणाली, म्हादेवाला पानी घालायचं हाय का तुमच्या मोबाईलला? विज्ञान आणि संसार एका घरात चालत नाहीत. ताम्हण परत केलं.

अक्षराचं म्हणणं, केबलने फोन थेट लॅपटॉपला जोडू, वेग वाढतो. मी हसलो. वायरचा जमाना मी डोळ्यांनी संपताना पाहिलाय.

१० ऑगस्ट, रविवार
मार्क आठ. सराव घेतला. अक्षराने मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला. मैत्रिणीचं तोंड उघडं राहिलं ते सव्वा मिनिट तसंच. मैत्रिणीचं नेट खराब आहे.
गुरुलिंग पुन्हा येऊन गेला. वायर खांद्यावरच होती. मी पेपर वाचत राहिलो.
निश्चय: उद्या पहाटे उठून फोन रीस्टार्ट करणे, दोनदा.

११ ऑगस्ट, श्रावणी सोमवार, सकाळी १०.४५
दहापैकी दहा. लातूर जिल्ह्यात दहापैकी दहाला काय किंमत असते ते मला कुणी सांगायला नको. फोटो काढून ठेवला.

दुपारी १
तिसऱ्या प्रश्नाला चित्र अडकलं. मग आवाज गेला. मग लॅपटॉप हॉटस्पॉटवरून सुटला तो परत जोडेचना. फोनवर 'कमाल मर्यादा पूर्ण' असं आलं. दहाच्या वर मार्क नसतातच, त्यामुळे त्यात काही अर्थ नाही. बाहेर घराघरातून मठातल्या रुद्राभिषेकाचं थेट प्रक्षेपण ऐकू येत होतं, प्रत्येक टीव्हीवर एक-दोन शब्द मागेपुढे. गल्ली भाविक आहे. यांचं नेट कसं चालतं कोण जाणे.

कंपनीतल्या बाईंचा फोन आला. बुधवारी चार वाजता शेवटची संधी, त्यानंतर नाही.
अक्षराने लॅपटॉप मिटून ठेवला. उपवासाच्या फराळालाही उठली नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं. टॉवरवाल्यांना कडक पत्र लिहिणे.

१३ ऑगस्ट, बुधवार, दुपारी ३.३०
अक्षरा आतल्या खोलीत. दार बंद. दाराला टेकून सिद्धम्मा बसलीय, म्हणाली, आत डोकावू बी नका. मी बाहेर खुर्ची टाकून मांडीवर फोन घेऊन बसलोय. मार्क नऊ. उमादेवीकडे कुकरची शिट्टी झाली, जाऊन दम देऊन आलो.

४.४०
पूर्ण शांतता. एकदाही अप्पा म्हणून हाक नाही. एवढं सुरळीत आजवर झालं नव्हतं. फोन हलू नये म्हणून तासाभरात पायसुद्धा हलवला नाही. मुंग्या आल्यात. बापाने एवढं तरी करावं.

५.१०
झाला. अक्षरा परसदारातून आली, चेहरा फुललेला. म्हणाली, मस्त झाला. पायात चप्पल का होती ते विचारायचं राहिलं.

१७ ऑगस्ट, रविवार
निवड झाली. डोळ्यांत पाणी आलं. पेढे घेऊन ओट्यावर उभा राहिलो आणि चारचौघांना सांगितलं की सगळं या एका फोनवर झालं. गुरुलिंग मान खाली घालून पेढा खात राहिला. त्याचा हेवा समजू शकतो.
उमादेवी म्हणाली, पर अप्पा, त्या दिशी तर पोरगी लॅपटॉप काखंत धरून गुरुलिंगच्या घरात शिरली व्हती की.
गुरुलिंगला ठसका लागला.

रात्री जेवताना अक्षराने माझा फोन घेतला, कनेक्टेडवर बोट ठेवलं आणि यादी उघडली. उमादेवीचा टीव्ही. उमादेवीचा फोन. पिठाच्या गिरणीवाल्याचा फोन. शेजारच्या सोमेशचे दोन. एकूण नऊ. म्हणाली, अप्पा, हे मार्क न्हाईत, मानसं हायेत. या गल्लीत कुणीबी पैला हाच पासवर्ड टाकून बघनार.
म्हणजे बुधवारी मी दीड तास रिकाम्या खोलीवर पहारा दिला आणि गल्लीला सिरियल दाखवली.
ती शेजारी येऊन बसली. म्हणाली, तुमाला वाईट वाटंल म्हनून सांगितलं न्हाई. ते जास्त लागलं.
पासवर्ड बदलला. आकडे, चिन्हं, सगळं. आता बघतो.

१८ ऑगस्ट
शून्य कनेक्टेड. संपूर्ण सुरक्षा.
संध्याकाळी ओट्यावर बसलो. शरणार्थ एक. तोही माझा नव्हता, माझ्या मागे उभ्या असलेल्या गुरुलिंगला होता.

१ सप्टेंबर
अक्षरा पुण्याला गेली. सिद्धम्माने मला न विचारता गुरुलिंगची वायर घेतली. भोक माझ्या फोटोच्या बरोबर वर पाडलंय.

४ सप्टेंबर, संध्याकाळी ७
अक्षराचा व्हिडिओ कॉल. कपाळावरची बारीक टिकलीसुद्धा स्वच्छ दिसत होती. वायरवर. गुरुलिंगला थँक यू म्हणा, म्हणाली. उद्या म्हणेन. विचारलं, हॉटस्पॉट बंद केला ना? हो म्हणालो.
चालूच आहे. आणि सोमवारी मी जुना पासवर्ड परत ठेवलाय. फक्त टेस्टिंगसाठी. उमादेवीच्या दारावरून दोनदा फोन हातात धरून हिंडून आलो. तिने बसा म्हटलं नाही. सगळी गल्ली गुरुलिंगकडे गेलीय म्हणे. ओट्यावर तो बसतो आता.

७.२०
शून्य.

७.३५
शून्य. फोन रीस्टार्ट केला.

७.५०
एक. एक कनेक्टेड आहे. उठून ओट्यावर जाणार होतो, सदरा घालेपर्यंत यादी उघडली. नाव वाचलं. सिद्धम्मा.
ती स्वयंपाकघरात भाकरी थापतेय, फोन फळीवर, वर बघतसुद्धा नाही. तिला पासवर्ड मी कधीच सांगितलेला नव्हता.