नवसातलं मागणं

ओहायो

सौ. गोमतीस आशीर्वाद. आम्ही सुखरूप आहोत. तुझा गुडघा कसा आहे ते आधी कळव.

आपला नातू प्रणेश इथं कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात रनिंग बॅक आहे, म्हणजे चेंडू कवटाळून पळणारा. बघून बघून मीही हा खेळ शिकलो. पोर क्षणभर थबकतं, फट दिसली की मांजरासारखं निसटतं. पण नव्या प्रशिक्षकांचा सगळा डाव चेंडू लांब फेकण्याचा. त्यात यानं फेकणाऱ्याला वाचवत नुसत्या धडका झेलायच्या. खांदा थोडा सुजलाय. मी शेक देतोय.

काल म्हणाला, "आजोबा, खरं सांगा, मी या संघात बसतो का?"

"नाही रे बाळा. ते वाईट नाहीत, तूही कमी नाहीस. पण ताकाच्या रवीनं कुणी पीठ दळतं का?"

हसला, मग डोळे पुसले. आता दुसरं कॉलेज शोधतोय.

त्याला याच संघात ठेव म्हणून तू हळदीच्या फडक्यात नवसाचं नाणं बांधलंस ना? ती गाठ सोडू नकोस. गुडघा बरा असला तर गोविंदपुरमच्या देवळाची बस धर, आणि तिथल्या विठ्ठलापुढे मागणं तेवढं बदल. त्याला पळू देतील अशा ठिकाणी ने, एवढंच म्हण.

तुझी आठवण काढणारा,
जानकीराम