माझ्या मागाची आणि माझ्या आवाजाची व्यवस्था

मी, श्रीमती वच्छला टेकचंद सोनकुसरे, वय त्रेसष्ट, धंदा कोसा विणकाम आणि यूट्यूब, राहणार कोष्टीपुरा, आंधळगाव, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा, माझ्या माघारी काय कोणाचं आणि काय कोणाचंच नाही, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. वकीलसाहेबांच्या नमुन्यात 'शांत चित्ताने व पूर्ण विचारांती' असे शब्द होते. विचार पूर्ण आहे. चित्त शांत नाही, म्हणून तेवढे शब्द गाळले. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टर हेमराज खाली लिहून देणार आहेत. कोणाचा दबाव नाही. दबाव आणायचा हक्क एकट्या टेकचंदचा होता, आणि त्या बिचाऱ्याला तो जन्मभर वापरता आला नाही.

आज अवस, म्हणजे अमावस्या आहे. आमच्या कोष्टीपुऱ्यात अवसेला माग बंद असतो, म्हणून लिहायला बसले. पण पाय मागाच्या पावड्यांवर नसले की मला एका जागी करमत नाही. एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून दारात जाऊन आले. याआधी लिहिलेली दोन मृत्युपत्रं मी फाडून चुलीत घातली आहेत. हेच खरं धरावं.

पुढच्या आठवड्यात नागपूरला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. मरणाचं मला फारसं काही वाटत नाही. मेल्यानंतर माझ्याकडून कोणी काय वदवून घेईल, त्याची धास्ती आहे. ती कलम पाचमध्ये येईल. आधी घरदार उरकते.

कलम १. घर. मुलगा भूपेंद्र आणि मुलगी मंजुषा या दोघांचं, सारखं. मंजुषाने मागे 'मी हक्क सोडते' म्हटलं होतं. तिने सोडला तरी मी सोडू देत नाही. मात्र मागाची खोली सुनेच्या, रीताच्या ताब्यात राहील, आणि त्या खोलीत भूपेंद्रने दुकानाचे गठ्ठे रचायचे नाहीत.

कलम २. बँकेतली ठेव, पाटल्या आणि डोरलं मंजुषाचं. माझी लुगडी तिने आणि रीताने न भांडता वाटून घ्यावीत. भांडल्याच तर हळू आवाजात भांडाव्या, समोर मंगलाबाई राहते.

कलम ३. खड्डामाग, तिन्ही धोटे, फण्या, चरखा, सगळं रीताला. नागपूरच्या एका हॉटेलवाल्याला हा माग शोभेसाठी पाहिजे होता. त्याला मी जे बोलले तो व्हिडिओ आहेच, परत लिहीत नाही. रीता सानगडीची, धानवाल्या घरची पोर. लग्न होऊन आली तेव्हा तिला उभा ताणा कोणता नि आडवा बाणा कोणता हे कळत नव्हतं. आता करवतकाठी साडी विणते. काठ अजून ढिला येतो. हे सरकारी कागदावर आलं म्हणजे विसरणार नाही.

कलम ४. चॅनल. नाव 'वच्छलाबाई बोलून राहिली'. याची हकीकत सांगणं भाग आहे, नाहीतर उद्या कोर्ट म्हणेल हे काय नवीन.

कोरोनाच्या टाळेबंदीत बाजार बंद, साड्या घरात पडून. रीता एक दिवस मोबाइल धरून माझ्यासमोर उभी राहिली. मी म्हटलं, "कायले पाहून राहिली वो? कामधंदा नाई का तुले? तिकडं भात जळून राहिला!" भात खरंच जळत होता. तिने तेवढंच टाकलं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. मग रोजचंच झालं. मी विणायचं आणि पाहणाऱ्यांना झाडायचं. लोक आपणहून मागायला लागले. पुण्याच्या एका पोराने लिहिलं, आजी, मी अभ्यास करत नाही, मला बोला. मी त्याचं नाव घेऊन असं बोलले की त्याच्या आईने मला मिठाई पाठवली. सख्ख्या पोराने कधी ऐकलं नाही, आणि परक्या मुलखातली पोरं मागून मागून ऐकतात.

पैसे सुरू व्हायच्या आधी पोस्टमन बाबुलाल एक परदेशी पाकीट घेऊन आला. मला वाटलं कोर्टाचा कागद. दोन दिवस तांदळाच्या डब्यात लपवून ठेवला. त्यात खात्याच्या खात्रीचा नंबर होता, आणि तो नंबर टाकल्याशिवाय यूट्यूबची कंपनी पैसे देत नाही, हे रीताने कपाळावर हात मारून सांगितलं. पहिल्या कमाईतून मागाच्या खोलीवर पत्र्याच्या टिना टाकल्या. जन्मभर पावसाळ्यात ताण्यावर प्लास्टिक पांघरून बसणारी बाई मी. त्या दिवशी पाऊस वरच वाजत राहिला, आणि मी खाली बसून रडले. तो व्हिडिओ टाकू दिला नाही.

कलम ५. आता धास्तीचं.

भूपेंद्रचं भंडाऱ्याला साड्यांचं दुकान आहे. पॉवरलूमचा माल. त्यात कमीपणा नाही, पोट सगळ्यांनाच आहे. पण गेल्या दिवाळीत त्याने मोबाइलमधल्या कुठल्यातरी करामतीने माझ्या जुन्या व्हिडिओंमधून माझा आवाज घेतला आणि नवा व्हिडिओ बनवला. चित्र माझं, माग माझा, आवाज माझा, शब्द त्याचे. मी गोड गोड बोलते आहे, लक्ष्मीपूजनाच्या शुभेच्छा देते आहे, आणि सांगते आहे की ही साडी मी आजच मागावरून उतरवली, भूपेंद्रच्या दुकानात मिळेल. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्याने तो चॅनलवर सोडला.

लक्ष्मीपूजन म्हणजे अवस. कोष्ट्याच्या पोटी जन्मलेल्या पोराला एवढं उमगू नये! अवसेला आम्ही माग झाडतो, धोटा धुतो, हळदकुंकू लावतो, पावडीला पाय लावत नाही. माझ्या सासूने बाळंतकळांत विणलं, पण अवसेला नाही. आणि माझ्या तोंडून माझ्याच पोराने जगाला सांगितलं, की मी आज विणलं.

दिवा विझायच्या आत मंगलाबाई दारात. "वच्छले, लक्ष्मीच्या दिवशी माग चालवला तू? लाज नाई वाटली तुले?"

"मी नाई चालवला वो."

"मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. तूच त बोलून राहिली होती."

"तो मोबाइलनं बनवलेला आवाज होय."

"असा कसा बनंन? मी तीस वर्षापासून आइकून राहिली तुहा आवाज. मले शिकवतं?"

ते मी बोललेच नाही, हे सांगायलाही माझ्याकडे तोच आवाज होता.

आमच्यात ताणा संपला की जुन्या ताण्याच्या टोकांना नव्या ताण्याचा धागा धागा जोडावा लागतो. ते एकटीचं काम नाही, पुऱ्यातल्या बाया आळीपाळीने एकमेकींच्या घरी जातात. दिवाळीनंतर माझा ताणा संपला आणि एकही बाई आली नाही. मी आणि रीता टोकं हातात धरून बसलो. रस्त्याने बाया जात होत्या, आत पाहत नव्हत्या. सासूबाई वारल्या तेव्हाही घर एवढं सुनं वाटलं नव्हतं.

भूपेंद्र म्हणाला, "आई, पुऱ्यात मानसं किती? चॅनलवर लाखाच्या वर हायेत. काहून जीवाले लावून घेतं?" व्हिडिओ त्याने काढून टाकला, तोही रीताने दोन दिवस त्याच्याशी बोलणं सोडलं तेव्हा. पण लोकांनी तो पुढे पाठवलाच होता. अजून फिरतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करणार?

आज मी जिवंत आहे. दारोदार जाऊन 'ती मी नव्हे' एवढं तरी म्हणू शकते. कोणी मानो न मानो. मेल्यावर कोण जाणार? उद्या माझ्या आवाजात कोणी तेल विकेल, मत मागेल, एखाद्या बाईला शिवी देईल, आणि मंगलाबाई म्हणेल, मी माझ्या कानाने ऐकलं. हा विचार आला की मी अंथरुणातून उठून बसते.

कलम ६. म्हणून हुकूम असा. चॅनल, त्याचा पासवर्ड आणि त्यातून येणारी कमाई रीताची. मोबाइल तिने धरला, कापाकापी तिने केली, माझ्या शिव्या सर्वांत आधी तिनेच खाल्ल्या. जुने व्हिडिओ आहेत तसे राहू द्यावेत. नवे रीताने स्वतःच्या तोंडाने करावेत. ती भांडत नाही, समजावून सांगते, म्हणून लोक कमी होतील. होऊ द्यावेत. स्वतः बनवलेल्या अस्सल व्हिडिओलाच पैसे, असं कंपनी सांगते. कंपनीचं मला ठाऊक नाही, या घराचा नियम तोच राहील.

जे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत, ते माझ्या आवाजात कोणी काढू नयेत. पोराने नाही, सुनेने नाही, नातवंडांनी कौतुकानेही नाही. आज हे मृत्युपत्र मी साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचणार आहे आणि रीता त्याचा व्हिडिओ घेणार आहे. मी गेल्यावर तो टाकावा. तो माझा शेवटचा. त्यानंतर वच्छलाबाई बोलताना दिसली तर समजावं, कोणीतरी चोर आहे.

कलम ७. हे कलम आधीच्या, चुलीत घातलेल्या कागदांत नव्हतं. काल रात्री भूपेंद्र जेवताना मधेच थांबला. म्हणाला, "आई, दुकानासाठी केलो, खोटं नाई बोलत. पन डॉक्टरनं तुह्या झडपेचं सांगतलं, तवाच मी ते शिकलो. तू गेली त मी कोनाचा आवाज आइकू?" मग भात चिवडत बसला. मी उठून त्याच्या ताटात वरण वाढलं.

त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पण तो माझा पोरगा आहे आणि माझा त्याच्यावर जीव आहे, हेही इथेच लिहिते, कारण तोंडाने मला जमत नाही.

रीता व्हिडिओतून जे तुकडे काढून टाकते ते तिने मोबाइलमधल्या एका डबीत साठवले आहेत, असं तिने आज सकाळी सांगितलं. मी खोकते ते, धागा तुटल्यावर देवाला बोलते ते, दुकानातून उशिरा आलेल्या भूपेंद्रला विणता विणता 'जेवला का रे?' विचारते ते. ती डबी भूपेंद्रला. ते तुकडे चॅनलवर घालू नयेत, दुकानात वाजवू नयेत, त्यांच्यावर एक पैसा कमवू नये. त्याने एकट्याने ऐकावेत. ते मीच बोलले आहे.

कलम ८. साक्षीदार म्हणून मंगलाबाई. वकीलसाहेब म्हणाले, जिच्याशी बोलणं बंद आहे ती कशाला? मी म्हटलं, जिला माझ्यावर भरवसा नाही तिचीच साक्ष पक्की. दिवाळीपासून ती माझ्या घरचा चहा पीत नाही. सकाळी रीता बोलवायला गेली तर म्हणाली, "येईन. आइकीन. पर चहा नाई पेणार."

हे सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांना मोठ्याने ऐकवून त्यांच्यासमोर सही केली आहे.

ठिकाण: आंधळगाव, जि. भंडारा
दिनांक: १९ डिसेंबर २०२५, मार्गशीर्ष अवस

सही: वच्छला टेकचंद सोनकुसरे

साक्षीदार १: डॉ. हेमराज धकाते, आंधळगाव. श्रीमती सोनकुसरे यांना मी आज तपासले. त्या पूर्ण शुद्धीवर असून त्यांची स्मरणशक्ती उत्तम आहे. वाचताना त्या चार वेळा उठल्या, त्यांना विश्रांतीचा सल्ला दिला आहे. त्यांनी तो मानलेला नाही.

साक्षीदार २: मंगलाबाई केवळराम पराते, कोष्टीपुरा. हे सारं वच्छलाच बोलली. मी समोर बसून आइकली. तिचं तोंड पाहून राहिली होती. माग बंद होता. चहा पेली.