सहाशे मीटरची शिट्टी

दि. ३ जून
सकाळी सात वाजून दहा मिनिटे

चि. थोरलीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक असं लिहायची रीत आहे. ते निम्मंच खरं आहे. मी ठीक आहे. तुझ्या आईची डावी बाजू अकरा मे रोजी अर्धांगवायूने गेली. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. वेळापत्रक करून मी भिंतीला लावलंय, पण माझे गुडघे आता उचलायच्या कामाचे राहिले नाहीत. परवा ती हातून निसटली. कपाळाला दीड इंचाची खोक, टाके तीन.

तुला प्रयोगशाळेची प्रमुख केल्याचं धाकटीकडून कळलं. अभिनंदन. ती जागा सोडून तू इकडे यावंस, यासाठी हे पत्र.

धाकटी का नाही, असं विचारशील. तिच्या हाताखाली चाळीस मुली धावतात, मोसम ऐन भरात आहे. शिवाय मधेच सोडायची तिला सवय नाही. तुला आहे. दोघींना मीच घडवलं, पुस्तकं वाचून, कुणाची पायरी न चढता. आठशे मीटरला तू पुढे पळून वेग लावून द्यायचीस, सहाशेला माझी शिट्टी झाली की बाहेर पडायचीस, आणि धाकटी शर्यत पुरी करायची. खेळ मुलांना त्याग शिकवतो, हे मी मैदानावर बाकीच्या पालकांना ऐकवत असे. शिकवला मात्र तुला एकटीलाच.

मी लिहितोय ते आई पलंगावरून बघतेय. बोलते अर्ध्या तोंडाने, पण टोमणा पूर्ण मारते. म्हणाली, "काटेवाले, तिला बोलावू नका. आणि बोलावणारच असाल तर रेघेचंही लिहा."

मी वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस. बत्तीस वर्षांत कुणाच्या सांगण्यावरून एक ग्रॅम इकडचा तिकडे केला नाही. म्हणून लिहितो.

निवड चाचणीत जागा एकच होती. पंच कमी पडले, आणि माझे नियम तोंडपाठ, म्हणून पहिल्या वळणावर मला निशाण देऊन उभं केलं. ते वळण संपेपर्यंत प्रत्येकीने आपापल्या पट्ट्यात धावायचं, एवढंच बघायचं होतं. सहाशेला मी शिट्टी वाजवली. तू थांबली नाहीस. दोन मिनिटं तेरा पूर्णांक चार सेकंद. धाकटी सोळा मीटर मागे. तू माझ्याकडे बघून हसलीस. तेव्हा मी निशाण वर केलं.

मुख्य पंच म्हणाले, "आत्ता? ते वळण तर केव्हाच झालं."

"खात्री करून घेत होतो. तिचा पाय आतल्या पट्ट्यात पडला."

"पोटच्या पोरीला बाद करताय, काटेवाले?"

"रेघ सगळ्यांना सारखी."

त्यांनी माझी पाठ थोपटली. पुढे कित्येक दिवस लोक माझ्या सचोटीचे दाखले देत होते.

तुझी आई तेव्हा कठड्याशी पाण्याची बाटली घेऊन उभी होती, माझ्यापासून पाच पावलांवर. घरी आल्यावर तू तिला विचारलंस, "खरंच पडला का गं पाय?" ती म्हणाली, "बाबा खोटं बोलतील का?" त्यानंतर तू धावायचे बूट घातले नाहीस.

पाय पडला नव्हता. रेघेपासून चार बोटं अलीकडे होता. सगळे गेल्यावर मी वाकून पाहिलं. चुना कुठेही पुसला नव्हता.

क्षमा मागत नाही. मागितली तर तू क्षमा करायला आलीस असं होईल, आणि मला तू कूस बदलायला हवी आहेस. आई म्हणते, "आता नाही यायची ती. सुटली." मला वाटतं, येशील. शिट्टी तू आयुष्यात एकदाच मोडलीस, आणि तेव्हाही दोष आपल्याच पायाला दिलास.

शनिवारी दहा चाळीसच्या गाडीला मी थांबेन. धाकटीला रेघेचं कळवू नकोस. तिची धाव बिघडेल.

अजून पहिल्या वळणावरच उभा असलेला,
तुझा बाबा